परवाना गेला, जमीन गेली, हुनर उरला
वालचंद उद्योगसमूहाच्या इतिहासातून सोलापूरच्या कारागिराने काय घ्यावे?

सोलापुरात ‘वालचंद’ हे नाव रोज शेकडो तोंडांतून निघते. अशोक चौकाकडे निघालेला रिक्षावाला ते घेतो, इंजिनिअरिंगला प्रवेश घेणारा मुलगा घेतो. बहुतेकांच्या लेखी ते एका कॉलेजचे नाव आहे. ज्या माणसाचे ते नाव, तो याच शहरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मला, बार्शीच्या छोट्या रेल्वेवर मातीकाम करून त्याने धंद्याला सुरुवात केली आणि पुढे पूल, बोगदे, साखर, गोळ्या, पाइप, जहाजे, विमाने व मोटारी एवढ्या धंद्यांत हात घातला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

शेठ वालचंद हिराचंद यांचे गुणगान करावे म्हणून हा लेख लिहिलेला नाही. ते काम त्यांची चरित्रे करतात. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे प्रश्न वेगळा आहे. ज्या घरात तीन पिढ्या माग चालला, त्या घरातला मुलगा आज पुण्याला नोकरी शोधतो. ज्याच्या हाताला लेथ आणि वेल्डिंगचे काम येते, तो एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून बसला आहे. अशा वेळी कोणी सांगतो, “हा धंदा सोडा, दुसरा धरा.” दुसरा कोणता? आणि तो कसा धरायचा? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच गावच्या या समूहाचा इतिहास उघडून पाहिला पाहिजे. त्यात काय टिकले आणि काय बुडाले, याचा हिशोब मांडला तर पुष्कळ गोष्टी समजतात.

बार्शी लाइटपासून सुरुवात

वालचंद यांच्या वडिलांची, हिराचंद नेमचंद दोशी यांची, सावकारी व कापसाची पेढी होती. मुलाने गादीवर बसून व्याजाचा व मालाचा हिशोब पाहावा, अशी रीत. वालचंद यांचे मन त्यात रमले नाही. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे ठेक्याचे काम घेतले. बार्शी लाइट म्हणजे अडीच फूट रुंदीची अरुंद गाडी. आपल्यापैकी वयस्कर मंडळींनी कुर्डुवाडीहून तिने प्रवासही केला असेल. काम होते मातीचे, भरावाचे, मोऱ्यांचे.

या भागीदारीकडे जरा बारकाईने पाहावे. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंद यांच्यामागे पेढीची पत होती, पण कामाचा अनुभव नव्हता. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे कसब अशी ही जोडी जमली. आपल्याकडे हा व्यवहार नवा नाही. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफा ठरल्या वाट्याने, याला आपण मुदारबत म्हणतो. शब्द आपल्याला पाठ आहे. व्यवहार मात्र आपल्या बाजारपेठेत किती ठिकाणी दिसतो?

एका कामातून दुसरे काम

पुढे या ठेकेदारीचा व्याप वाढत गेला. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे झाले. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. त्याच साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. पाण्याच्या योजना बांधणाऱ्याला सिमेंटचे नळ लागतात. ते दुसऱ्याकडून विकत घेण्याऐवजी स्वतः बनवले. दोन धंद्यांची नावे वेगळी, पण गिऱ्हाईक तेच, सिमेंट तेच आणि मापही तेच.

साखरेचेही असेच. १९२३ साली नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी शेती सुरू केली. जमीन खडकाळ व पडीक होती. ती साफ करून पाणी आणले आणि ऊस लावला. १९३२ साली सरकारने बाहेरून येणाऱ्या साखरेविरुद्ध देशी साखरेला संरक्षण दिले. त्याआधी जावाची साखर आपल्या बाजारात स्वस्त विकली जात असे. जकातीची भिंत उभी राहताच देशात साखर कारखाने भराभर निघाले. रावळगावचा कारखाना १९३३ चा. पुढच्याच वर्षी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, कळंबजवळ दुसरा कारखाना सुरू झाला आणि त्या वस्तीला वालचंदनगर हे नाव मिळाले. रावळगावात साखर तयार होतच होती, म्हणून १९४२ पासून तिथे गोळ्याही बनू लागल्या. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ लहानपणी कोणी खाल्ली नाही?

म्हणजे ऊस, उसातून साखर आणि साखरेतून गोळी. साखर काढायची तर यंत्रे लागतात, ती बिघडली तर दुरुस्तीला यंत्रशाळा लागते. वालचंदनगरच्या यंत्रशाळेने आधी दुरुस्ती केली आणि नंतर साखर कारखान्याची यंत्रेच बनवायला घेतली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात सहकारी साखर कारखान्यांची लाट आली, तेव्हा ही यंत्रे घेणारा बाजार दारातच उभा होता.

समुद्रावरची झुंज

जहाजांची गोष्ट वेगळी आहे. ती धाडसाची आहे. १९१९ साली वालचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक बाब आहे. सिंदियाचे पहिले अध्यक्ष नरोत्तम मोरारजी हे मोरारजी गोकुळदास यांचे चिरंजीव. ज्यांनी १८७७ साली आपल्या गावची जुनी मिल सुरू केली, तेच हे मोरारजी. सोलापूरच्या गिरणीवाल्याचा मुलगा आणि सोलापूरच्या पेढीवाल्याचा मुलगा समुद्रावर एकत्र आले, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रज कंपन्यांनी काय केले? भाड्याचे दर पाडले. मोठ्या कंपनीला वर्ष-दोन वर्षे तोटा परवडतो, नव्याला परवडत नाही. व्यापारात हे हत्यार जुने आहे आणि आजही ते गंजलेले नाही. १९२३ साली सिंदियाला तडजोड करून किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले.

आपल्या समाजाचा या कंपनीशी आणखी एका वाटेने संबंध आला. १९३० नंतरच्या दशकात सिंदियाने हाजींच्या वाहतुकीत प्रवेश केला. तोवर मुंबई-जेद्दा वाहतुकीवर मोगल लाइनचा जवळजवळ एकछत्री अंमल होता आणि तिचा कारभार टर्नर मॉरिसन या इंग्रज पेढीच्या हाती होता. सिंदियाने १९३७ साली ‘अल-मदिना’ हे जहाज बांधून घेतले. स्पर्धा सुरू होताच भाडे घसरले आणि गरीब हाजीचा तेवढ्यापुरता फायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४४ मध्ये, हे जहाज बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवले. बाजारात दुसरा विक्रेता उभा राहिला की गिऱ्हाइकाचे भले होते, एवढा धडा या प्रकरणातून घ्यावा.

जे सरकारने घेतले

१९३९ साली एका विमानप्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. त्या भेटीतून भारतात विमाने बनवण्याचा विचार पुढे सरकला. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. युद्ध पेटलेले होते. १९४२ साली सरकारने कारभार आपल्या हाती घेतला. आजची एचएएल ती हीच.

विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या गोदीची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तिथले पहिले मोठे जहाज ‘जलउषा’ पाण्यात सोडले. ती गोदीही १९५२ पासून सरकारकडे जाऊ लागली आणि १९६१ साली पूर्णपणे गेली.

मोटारींसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, पुढे इटलीच्या फियाटशी झाला. हीच फियाट नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. परवाना-राज्याच्या काळात गाडी नोंदवून गिऱ्हाईक वर्षानुवर्षे वाट पाहत असे. गाडी सुधारली नाही तरी ती खपत होती. १९९१ नंतर बाजार उघडला, नव्या गाड्या आल्या आणि २००० च्या सुमारास पद्मिनी बंद पडली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. या गाडीच्या दुरुस्तीवर ज्यांची पोटे भरली, अशा गॅरेजवाल्यांत आपलेही बांधव पुष्कळ होते.

जमिनीचेही तेच झाले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांची उसाची शेते सरकारकडे गेली आणि १९६३ साली शेती महामंडळ निघाले. रावळगाव व वालचंदनगरच्या जमिनीही त्यातच गेल्या.

हिशोब काय निघतो?

वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी वारले. पुढे भावांच्या घराण्यांत उद्योगांच्या वाटण्या झाल्या. आता जमा-खर्च मांडू.

विमाने व गोदी सरकारने घेतली. उसाची जमीन कायद्याने गेली. सिंदिया कर्जात बुडाली. मोटारीला परवान्याने सांभाळले होते, परवाना-राज्य संपताच मोटार संपली. रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ साली रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली.

मग उरले काय? बांधकामाचा हुनर उरला. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने २००९ साली वाहतुकीला खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. दुसरी उरली ती वालचंदनगरची यंत्रशाळा. जिथे उसाच्या चरकाचे दाते घासले जात होते, तिथल्या लोकांनी जाड लोखंडाला आकार देण्याचे कसब इतके वाढवले की १९७० च्या दशकापासून ते इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनवू लागले. अणुभट्ट्यांची व नौदलाची कामेही तिथे झाली. अग्निबाणाचे कवच बनवण्याचे काम साखरेच्या टाक्या जोडणाऱ्या हातांतूनच पुढे आले. साखर मागे पडली आणि कारखान्याची दुरुस्तीखोली धंद्याची मालकीण झाली.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांचा हुनर पूल आणि बोगदे बांधण्याचा, त्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने लवासा नावाचे डोंगरातले शहर वसवून विकण्याचे मनावर घेतले. २०१८ साली लवासा कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. बांधणे एक आणि घरे विकणे दुसरे. दोन्हींत विटा व सिमेंट लागते म्हणून दोन्ही धंदे एक होत नाहीत.

माझे मत स्पष्ट आहे. अनेक धंदे करणे म्हणजे अनेक दुकाने थाटणे नव्हे. हाताला येत असलेले काम नव्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पाडणे, याला खरा विस्तार म्हणावे. परवाना, जमीन, सवलत किंवा एखादा बडा खरेदीदार यांच्या भरवशावर उभे राहिलेले धंदे ती मेहेरबानी संपताच कोसळतात. हाताचे कसब कोणी जप्त करू शकत नाही.

“त्यांच्याकडे पेढी होती”

यावर बांधव म्हणतील, वालचंद यांच्यामागे बापाची पेढी होती, आमच्यामागे काय आहे? हा आक्षेप खरा आहे. बँकेच्या दारात आपल्या कारागिराची काय अवस्था होते, हे मी सांगायला नको. ती तक्रार जागच्या जागी रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा व्हायलाच हवा. पण फाटकांकडेही पेढी नव्हती. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती आणि तिच्या बळावर ते भागीदार झाले, नोकर झाले नाहीत. आपल्या वस्त्यांत फाटक शेकडो आहेत. जकार्ड डोळे मिटून जुळवणारा आहे, रंगाचे प्रमाण हाताने ओळखणारा आहे, मोडका भाग पाहून लेथवर तसाच दुसरा करून देणारा आहे. यातले बहुतेक रोजंदारीवर किंवा मजुरीच्या दरावर काम करतात. आणि ज्यांच्याकडे चार पैसे आहेत, ते प्लॉट घेऊन ठेवतात. पैसा एका गल्लीत आणि हुनर दुसऱ्या गल्लीत, अशी आपली परिस्थिती आहे.

सोलापूरने विस्तार केलाच नाही असेही नाही. हातमागावरून यंत्रमागावर आपण आलो. चादरीला उठाव कमी झाला तेव्हा त्याच गावाने टेरी टॉवेल उचलला आणि परदेशी पाठवला. गेल्या काही वर्षांत गणवेश शिवण्याचा धंदा सोलापुरात वाढला आहे. गावच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी त्यांतून बाहेर पडलेल्या कामगारांचे कसब गावातच राहिले आणि छोट्या कारखान्यांना उपयोगी पडले. मिल गेली, हात राहिले. ही आपलीच गोष्ट आहे. फक्त ती आपण ठरवून केली नाही, नाइलाजाने केली. आता ठरवून करायची वेळ आहे.

करण्यासारख्या चार गोष्टी

पहिली गोष्ट, आपले कसब कागदावर लिहून काढा. “मी टॉवेल विणतो” असे लिहू नका. कोणते सूत चालवता, किती रुंदीचा माग आहे, रंग घरात होतो की बाहेर, मोडतोड स्वतः दुरुस्त करता का, हे लिहा. मग विचार करा की हेच काम आणखी कोणाला लागेल. हॉटेलाला, इस्पितळाला, शाळेला? वेल्डरने पाहावे की साखर कारखान्याचे हंगामी काम संपल्यावर तेच हात डेअरीच्या टाकीला चालतात का. चिंचोळीच्या वसाहतीत कोणते भाग बाहेरगावाहून मागवले जातात, याची चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

दुसरी, भागीदारी करा, पण लेखी करा. आपल्याकडे भागीदारी दोस्तीने सुरू होते आणि दुश्मनीने संपते, कारण कोणाचे किती आणि तोटा कोणी सोसायचा हे कोणी लिहिलेले नसते. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली पेढीची नोंदणी होते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला कुरआनानेच दिली आहे. ती पाळायला वकिलाच्या धाकाची वाट कशाला पाहायची?

तिसरी, एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधून घेऊ नका. निम्म्याहून जास्त माल एकाच ठिकाणी जात असेल, तर आपण मालक नाही, त्याचे बिनपगारी नोकर आहोत असे समजावे.

चौथी, हक्काचे पैसे वेळेत मागा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याने करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यानेही असा नियम आणला की त्या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या हिशोबात धरता येत नाही. हा लाभ माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला नाही. आपले किती विणकर मजुरीवर माल देऊन सहा-सहा महिने पैशाची वाट पाहतात! त्यातल्या किती जणांकडे नोंदणीचा कागद आहे?

शेवटी एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. मुलगा पुण्याला गेला म्हणून रडू नका. पण जाण्यापूर्वी तो आपल्या कारखान्यात सहा महिने तरी उभा राहिला होता का, हे स्वतःला विचारा. माग कसा लावतात, यंत्र का अडते, गिऱ्हाईक माल परत का करते, हे त्याला ठाऊक असेल तर तो उद्या परत येऊन काही नवे करू शकेल. ठाऊक नसेल तर आपल्यानंतर तो माग भंगाराच्या भावाने विकला जाईल आणि त्याबरोबर तीन पिढ्यांची जाणही जाईल. वालचंदनगरची यंत्रशाळा टिकली, कारण तिथे एका पिढीने दुसऱ्या पिढीला काम शिकवले. तेवढे करण्यासाठी आपल्याला कोणाचा परवाना लागत नाही.